वासोटा–नागेश्वर : एका दिवसाच्या फेरीची आखणी

सह्याद्रीतले बहुतेक गड चढल्या वाटेनेच उतरायचे असतात. चढताना पाहिलेली वळणे, झाडे, खडक उतरताना पुन्हा भेटतात आणि कुणी थकले तर कुठूनही मागे फिरता येते. फेरीची वाट अशी सवलत देत नाही. ती निघते तिथेच येऊन मिळते खरी, पण मधला रस्ता सारा नवा असतो आणि निम्मी फेरी झाली की मागे फिरणे व पुढे जाणे सारखेच लांब पडते. कोयना अभयारण्यातली वासोटा–नागेश्वरची वाट ही अशा फेरीचे सातारा-सांगली पट्ट्यातले सर्वांत चांगले आणि तितकेच कसाचे उदाहरण आहे. मिरजेहून निघणाऱ्याला ती एका सुट्टीत जमते, पण आखणीत ढिलाई राहिली तर दिवस अपुरा पडतो.

वासोटा, म्हणजेच व्याघ्रगड, जावळी तालुक्यात सह्याद्रीच्या मुख्य धारेवर सुमारे ११७१ मीटर उंचीवर आहे. पश्चिमेला कोकणात कोसळणारे कडे आणि पूर्वेला कोयना धरणाचा शिवसागर जलाशय, अशा दोहोंमध्ये हा सारा जंगलपट्टा सापडलेला आहे. दुर्गमपणामुळेच गडाचा तुरुंग म्हणून उपयोग झाला. १६६१ मध्ये राजापूरच्या वखारीतले इंग्रज शिवाजी महाराजांच्या कैदेत पडले, तेव्हा त्यांतल्या काहींना इथे ठेवले होते. पेशवाईच्या उत्तरकाळात ताई तेलिणीने हाच गड पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्या फौजेविरुद्ध अनेक महिने लढवला. १८१८ मध्ये तो इंग्रजांनी घेतला. पुढे धरण झाले, खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य जाहीर झाले, २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत या जंगलाची गणना झाली.

या इतिहासाचा आखणीशी थेट संबंध आहे. गडाच्या पायथ्याचे मेट इंदवली हे गाव आता उठलेले आहे. गावच नाही म्हणजे रोज वाट तुडवणारी माणसे नाहीत, गुरे नाहीत, वाटेत विचारायला घर नाही. एरवी सह्याद्रीत वाट चुकलेला माणूस गुराख्याला हाक मारतो किंवा धुराच्या दिशेने वस्ती गाठतो. इथे तो आधार धरता येत नाही. उलट गव्यांच्या येण्याजाण्याने पडलेल्या वाटा माणसाच्या पायवाटेसारख्याच दिसतात, बऱ्याचदा तिच्याहून रुंद असतात, आणि पाण्याच्या किंवा चाऱ्याच्या दिशेने नेऊन कारवीत सोडून देतात. इथे वनखात्याच्या थोड्या पाट्या आणि खडकावरचे काही बाण यांपलीकडे फारसे काही गृहीत धरू नये.

आखणीची पहिली गोष्ट म्हणजे महिना. मिरजेत वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कोयनेच्या माथ्यावर तोच पाच हजारांच्या घरात जातो. मिरजेच्या अंगणातले ऊन पाहून कोयनेचा अंदाज बांधणे म्हणूनच धोक्याचे. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अभयारण्य पर्यटकांना बंद असते. उघडल्या उघडल्या जाण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्या दिवसांत गवत छातीपर्यंत असते, ओढ्यातले दगड शेवाळलेले असतात आणि जळवाही संपलेल्या नसतात. डिसेंबर हवेला उत्तम, पण दिवस तोकडा. सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाला मावळतो. मार्चनंतर वाळलेले गवत, वणव्याची भीती आणि उन्हाचा तडाखा. या सगळ्यांत फेब्रुवारी उजवा ठरतो. वाट कोरडी असते, सकाळी गारवा असतो आणि संध्याकाळी डिसेंबरपेक्षा अर्धा-पाऊण तास जास्त उजेड मिळतो. महाशिवरात्रीला मात्र नागेश्वरच्या गुहेतल्या महादेवाला कोकणातून, खेड तालुक्यातल्या चोरवण्याच्या बाजूने भाविकांची रीघ लागते. निवांतपणे फेरी करायची असेल तर तो दिवस टाळावा.

दुसरी गोष्ट प्रवासाची. मिरजेहून सांगली, पेठ नाका, कऱ्हाड असे करत साताऱ्यापर्यंत सुमारे १३५ किलोमीटर होतात. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली आणखी चाळीसएक किलोमीटर, तोही घाटाचा रस्ता. मिरज हे जंक्शन असल्याने साताऱ्याची रेल्वे मिळते, पण सातारा स्टेशन शहराबाहेर आहे आणि तिथून बामणोलीला जायचे तर पुन्हा वाहन शोधावे लागते. पहाटे तीनला मिरजेतून निघून सकाळची बोट गाठायची, दिवसभर चढउतार करायचा आणि रात्री पुन्हा स्टिअरिंगवर बसायचे, असा बेत कागदावर बसतो, माणसांना सोसत नाही. आदल्या दिवशी दुपारी निघून बामणोलीत मुक्काम करणे हाच शहाणा मार्ग. तिथे घरगुती राहण्याजेवणाची सोय होते. मुख्य म्हणजे वन्यजीव विभागाच्या कार्यालयात परवान्याची चौकशी, ओळखपत्रांच्या प्रती आणि बोटीची वेळ ही कामे आदल्या संध्याकाळीच मार्गी लावता येतात. परवाना मागताना फक्त वासोटा नव्हे, नागेश्वरलाही जायचे आहे हे स्पष्ट सांगावे. नियम आणि शुल्क हंगामागणिक बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षी जाऊन आलेल्यांच्या सांगण्यावर विसंबू नये. अभयारण्यात मुक्कामाला परवानगी नाही. जे काही करायचे ते एका दिवसाच्या उजेडात.

इथेच या फेरीचा खरा पेच सुरू होतो. बामणोलीहून मेट इंदवलीला पोचायला बोटीने दीडएक तास लागतो. परतीलाही तेवढाच. बोट पूर्ण ठरवावी लागते आणि ती संध्याकाळी ठरल्या वेळेला निघते. म्हणून वेळापत्रक सकाळपासून पुढे मांडण्याऐवजी परतीच्या बोटीपासून मागे मोजत यावे लागते. समजा, बोट साडेपाचला निघणार आहे. अर्धा तास हाताशी राखायचा, म्हणजे पाचला काठावर असायला हवे. नागेश्वरहून उतरायला दोन तास धरले तर तीनला गुहा सोडायला हवी. तिथे अर्धा तास विसावा, म्हणजे अडीचला पोचायला हवे. वासोट्याखालच्या फाट्यापासून नागेश्वरपर्यंत दोन तास, म्हणून साडेबाराला फाट्यावर. गडावरून फाट्यापर्यंत उतरायला चाळीस मिनिटे, म्हणून अकरा पन्नासला गड सोडायचा. गड पाहायला एक तास, म्हणून दहा पन्नासला माथ्यावर. चढाईला सव्वादोन तास, म्हणून आठ पस्तीसला चालायला सुरुवात. वनखात्याची नोंद आणि तपासणी यांना पंचवीस मिनिटे दिली तर आठ वाजून दहा मिनिटांनी मेट इंदवली, आणि बामणोलीहून बोट सहा चाळीसला.

हिवाळ्यात सहा चाळीसला अजून सूर्य उगवलेला नसतो. बोट सातला निघाली तरी सुरुवातीलाच वीस मिनिटे मागे. ती गडावरच्या तासातून काढायची की विसाव्यातून, हे घरीच ठरवून ठेवावे. आणि बोट आठच्या आधी मिळणार नाही असे आदल्या संध्याकाळी कळले, तर त्या दिवशी नागेश्वर सोडून द्यावे आणि फक्त वासोटा नीट पाहावा. ही माघार नव्हे. गडावरच्या बाबूकड्याच्या काठावर एक तास निवांत बसायला मिळणे, हे दोन ठिकाणे धापा टाकत उरकण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

आणखी एक गोष्ट घड्याळात दिसत नाही. मेट इंदवली सह्याद्रीच्या धारेच्या पूर्वेला आहे. पंचांगातला सूर्यास्त सव्वासहाचा असला तरी खोऱ्यातला सूर्य त्याच्या बराच आधी डोंगराआड जातो आणि दाट झाडीतल्या ओढ्यात संध्याकाळ लवकर होते. उतरणीची वाट नेमकी त्याच ओढ्यातून आहे. पाचची वेळ त्यामुळेच ताणू नये.

वर धरलेल्या वेळा कुठून येतात? स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक साधा नियम सांगितला. आजच्या मापांत तो असा, की दर पाच किलोमीटर चालीला एक तास आणि त्यात दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. कोयनेच्या जलाशयाची पूर्ण भरलेली पातळी सुमारे ६५९ मीटर आहे. म्हणजे काठापासून गडमाथा पाचशे दहा मीटर वर. सारी फेरी पंधरा किलोमीटरच्या आसपास आणि धारेवरचे चढउतार मिळून एकूण चढ सातशे मीटर धरला, तर या नियमाने चालण्याचे तास जेमतेम सव्वाचार होतात. वरच्या हिशेबात ते जवळजवळ सात आहेत. नियम चुकीचा नाही. तो तरबेज, हलक्या चालीच्या माणसासाठी आणि थंड हवेसाठी आहे. आठ-दहा जणांचा मेळ, पाठीवर सॅक, दमट जंगल आणि दगडांची उतरण असेल तर दीडपटीहून जास्त वेळ धरणेच रास्त. सगळ्यांत महत्त्वाचे, हिशेब सर्वांत संथ चालणाऱ्याच्या वेगाने करायचा असतो.

तो वेग कळायला मिरजकरांना लांब जावे लागत नाही. पंढरपूर रस्त्याला भोसे गावाजवळचा दंडोबाचा डोंगर हे सरावाचे चांगले ठिकाण आहे. डोंगरात कोरलेल्या गुहेतले महादेवाचे देऊळ आणि भोवतालचे राखीव जंगल यांमुळे तिथे माणसांचा राबता असतो. एका चढात पाय मोकळे होतात, दुसऱ्यात खरी परीक्षा सुरू होते. पाठीवर पाच किलो वजन घेऊन, न थांबता, लागोपाठ दोन-तीनदा चढउतार करावा आणि प्रत्येकाची वेळ लिहून ठेवावी. तिसऱ्या उतरणीला ज्याचे गुडघे बोलू लागतात त्याला नागेश्वरची उतरण जड जाणार, हे तिथेच कळते. चढाने दम लागतो, पण दुखापत बहुधा उतारावर होते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलत असतात, त्यामुळे ते लवकर थकतात आणि थकलेला पाय दगडावर नीट पडत नाही. सपाट मिरजेत रोज दहा किलोमीटर चालणाऱ्यालाही ही सवय नसते. महिनाभर आधीपासून आठवड्याला एक दिवस दंडोबा आणि एखाद्या रविवारी देवराष्ट्रेजवळचे सागरेश्वर अभयारण्य, एवढी तयारी पुरेशी ठरते.

नकाशा वाचण्याचा सरावही याच काळात करून घ्यावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर जमिनीवरचा एक किलोमीटर म्हणजे दोन सेंटिमीटर, आणि दोन समोच्च रेषांमधले अंतर वीस मीटर उंचीचे. वाटेवरच्या रेषा पेन्सिलीने मोजत गेले की चढाचा अंदाज हाती येतो. रेषा जिथे एकमेकींना चिकटल्या आहेत तिथे कडा. वासोट्याच्या पश्चिमेला त्या इतक्या दाटतात की वेगळ्या दिसत नाहीत. काठाकडे टोक केलेल्या रेषा म्हणजे सोंडा, माथ्याकडे आत शिरलेल्या म्हणजे ओढे. उतरणीची वाट सोंडेवरून आहे की ओढ्यातून, हे असे घरबसल्या समजते. मोबाइलमध्ये वाटेची नोंद आधीच उतरवून घ्यावी. रेंज नसली तरी जीपीएस चालते, बॅटरी मात्र संपते. फोन विमान मोडवर ठेवावा आणि छापील नकाशा एकाच्या नव्हे, दोघांच्या सॅकमध्ये असावा.

प्रत्यक्ष वाट अशी आहे. बोट मेट इंदवलीच्या काठाला लागते. हंगामाच्या सुरुवातीला पाणी झाडीपर्यंत आलेले असते. पुढे जलाशय उतरत जातो तसा बोटीपासून झाडीपर्यंतचा भेगाळलेल्या चिखलाचा पट्टा रुंदावतो. उन्हातले हे अंतर जाता-येता दोन्ही वेळा चालायचे असते, म्हणून फेब्रुवारीच्या हिशेबात त्याची दहा-पंधरा मिनिटे जास्त धरावीत. वनखात्याच्या चौकीवर सॅक तपासल्या जातात, प्लास्टिकच्या बाटल्या-पिशव्या मोजून नोंद होते आणि त्यासाठी अनामत घेतली जाते. नेले तेवढे परत दाखवले की ती परत मिळते. ही पद्धत वासोट्याला खरोखर जपते आहे, तिचा कंटाळा करू नये. खाण्याचे जिन्नस घरूनच फडक्यात आणि डब्यात बांधून नेले तर तपासणीचा वेळही वाचतो.

ओढा ओलांडला की जंगल सुरू होते. अंजनी, जांभूळ, पिसा अशी सदाहरित झाडे, वर शेकरूची हालचाल, खाली पालापाचोळा. चढ लगेच अंगावर येत नाही, हळूहळू वाढतो. तासाभराच्या चालीनंतर नागेश्वरचा फाटा फुटतो. ही जागा सर्वांनी डोळ्यांत भरून घ्यावी, कारण गड पाहून इथेच परत यायचे आहे. फाट्याच्या वर कारवी आणि मग पायऱ्या, पडका दरवाजा. माथ्यावर छप्पर नसलेले मारुतीचे देऊळ, टाके, महादेवाचे मंदिर आणि दक्षिणेला बाबूकडा. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा हा कडा पाहताना हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याची आठवण होते. पलीकडे जुन्या वासोट्याचा डोंगर उभा असतो. कड्यांवर आग्या मोहोळे असू शकतात. धूर, अत्तर, आरडाओरडा आणि दगड भिरकावणे हे चारही कटाक्षाने टाळावे.

परतताना फाट्यावर घड्याळ पाहायचे आणि आधी ठरलेली वेळ पाळायची. या आखणीत आधी वासोटा आणि मग नागेश्वर हा क्रम ठेवला आहे तो याचसाठी. ओढ्यातली दगडी वाट चढायला उतरण्यापेक्षा सोपी असते, म्हणून काहीजण आधी नागेश्वर करतात. पण उशीर झाल्याचे लक्षात येते तेव्हा फाट्यावर उभे असलेले बरे. तिथून तासाभरात ओळखीच्या वाटेने काठ गाठता येतो. नागेश्वरच्या धारेवर अर्धे गेल्यावर कुणाचा पाय मुरगळला तर दोन्हीकडचा रस्ता लांबचा असतो. साडेबाराची वेळ टळली असेल तर फाट्यावरून सरळ खाली उतरावे. त्यावर तिथे चर्चा नको. दमलेल्या, उत्साहात असलेल्या गटात चर्चा नेहमी पुढे जाण्याच्या बाजूने झुकते. म्हणून ही वेळ कोण सांगणार आणि त्याचे सर्वांनी ऐकायचे, हे बोटीत बसण्याआधीच ठरलेले असावे.

फाट्यापासून नागेश्वरपर्यंतची वाट झाडीतून, मधूनच उघड्यावर, धारेच्या कडेकडेने जाते. एका बाजूला शिवसागर, दुसऱ्या बाजूला कोकण. उघड्या टप्प्यात दुपारचे ऊन डोक्यावर असते. इथे पुढे वाट जाणणारा आणि सर्वांत मागे एक अनुभवी माणूस, अशी साखळी ठेवावी. मागच्याच्या मागे कुणी राहता कामा नये. नागेश्वरची गुहा विशाल आहे. छतातून झिरपणारे पाणी पिंडीवर ठिबकत असते आणि बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर गारवा जाणवतो.

तिथून उतरण. पायवाट थोड्याच वेळात ओढ्याच्या पात्रात उतरते आणि पुढे वाट म्हणजे दगडच. टोपलीएवढ्या धोंड्यांपासून माणसाहून उंच शिळांपर्यंत सारे एकावर एक पडलेले, काही घट्ट, काही पाय ठेवताच हलणारे. इथे वेग चालण्याचा नसतो, पुढचा दगड निवडण्याचा असतो. पाय ठेवण्याआधी काठीने दगड हलवून पाहावा, दोघांमध्ये दगड घरंगळला तरी लागणार नाही एवढे अंतर ठेवावे, पालापाचोळ्याने झाकलेल्या खळग्यात पाय टाकू नये. फुरसे आणि घोणस अशाच सांदीत असतात, त्यामुळे आधारासाठी न पाहता हातही घालू नये. बुटाच्या तळाची पकड इथे कसाला लागते. गुळगुळीत तळाचे जुने स्पोर्ट शूज घालून आलेला सारा गट थांबवतो.

पाणी माणशी तीन लिटर धरावे. गडावर आणि नागेश्वरला पाणी असते, पण फेब्रुवारीनंतर त्यावर हिशेब बेतू नये. खाण्यात ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, धपाटे, गूळ-शेंगदाणे आणि तासगावचे बेदाणे याहून चांगले काही विकत मिळत नाही. सांगलीची भडंग हलकी आणि खारट, घामाने गेलेले मीठ भरून काढते, मात्र तिने तहान वाढते. ती पाण्याजवळच्या थांब्यावरच काढावी. अंगात पूर्ण बाह्यांचे, मातकट रंगाचे सुती कपडे, डोक्याला टोपी, आणि परतायची वेळ दिवसाची असली तरी प्रत्येकाकडे बॅटरी.

गवा दिसला तर थांबावे, त्याला वाट मोकळी करून द्यावी, फोटोसाठी जवळ जाऊ नये. अस्वल माणूस अचानक समोर आला की अंगावर येते, म्हणून दाट झाडीच्या वळणावर एकमेकांशी साध्या आवाजात बोलत जावे. साप चावलाच तर त्या माणसाला चालू देऊ नये, चावलेला अवयव काठी बांधून स्थिर ठेवावा, दोर आवळू नये, चिरा देऊ नये आणि थेट रुग्णालयाकडे न्यावे. इथे ते थेट म्हणजे आधी उचलून काठापर्यंत, मग बोटीचा दीड तास, मग साताऱ्यापर्यंतचा घाट. फेरी जपून करण्याचे याहून मोठे कारण नाही. मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचे हे मिरजेत मागे राहिलेल्या एका माणसाला लिहून दिलेले असावे. त्यात गटाची नावे, बोटवाल्याचा आणि वनकार्यालयाचा फोन, आणि ११२ हा क्रमांक. अशा प्रसंगी डोंगरातल्या शोधकार्यासाठी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरशी संपर्क साधता येतो. त्यांचा क्रमांकही आधीच टिपून ठेवावा.

काठावर परतल्यावर चौकीत नोंद पुसायची, प्लास्टिक मोजून दाखवायचे, अनामत घ्यायची आणि माणसे मोजून बोटीत बसायचे. बामणोलीला सातच्या सुमारास पोचल्यावर पुढे पावणेदोनशे किलोमीटर उरतात, त्यांतला पहिला भाग अंधारातला कासचा घाट. दिवसभर चाललेल्या माणसाने हा रस्ता चालवू नये. एकतर फेरीला न गेलेला चालक बरोबर असावा, नाहीतर साताऱ्यात रात्र काढून सकाळी मिरजेचा रस्ता धरावा.